कारण निवडा

सुहेलच्या दुकानात पंखा आहे, म्हणून आधी तिथंच जातो.
कुपवाड फाट्याला; झेरॉक्स, पॅनकार्ड, लायसन,
सगळं एकाच खिडकीत.
त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. काका, कारण निवडा.

यादी खाली सरकते:
राजीनामा. निवृत्ती. मृत्यू. गैरवर्तन.
म्हटलं, भट्टी बंद केली, असं कुठं आहे का बघ.
तो शेवटपर्यंत जातो, परत वर येतो.
कंपनीनं आधीच भरलंय, काका.
तुम्ही स्वतःहून सोडली.

स्वतःहून.
बावीस वर्षं कोअर शॉपला.
माझ्या उशीला रेझिनचा वास येतो म्हणून
त्रिशला अभ्रे वेगळे धुवायची.
त्या सोमवारी पहिल्या पाळीला गेलो तर गेटला कुलूप,
आणि कुलपाला ताजं तेल.
हात लावून बघितला. एवढंच मी स्वतःहून केलं.

नावाचं आणखी वेगळंच.
पीएफला मी आप्पासाहेब, आधारला आप्पासो,
बँकेच्या पुस्तकात नुसता आप्पा नेमगोंडा मगदूम.
विमा कार्यालयातल्या मॅडमनी तिघांना टेबलावर शेजारी शेजारी मांडलं
आणि विचारलं, यातले तुम्ही कोण?
म्हटलं, ज्याचं मंजूर होईल तो.
त्या हसल्या.
हसल्या, पण पेन खालीच राहिलं.

मग कोर्टाच्या आवारात, टायपिंगवाल्याच्या छत्रीखाली,
स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं:
वरील तिन्ही इसम मीच.

आता राहिला कंपनीचा शिक्का.
सनदी वॉचमन खुर्ची टाकून बसलेला, मांडीवर भडंगाचा कागद.
शिक्का आत हाय की, म्हणाला, साहेबाच्या ड्रॉवरात.
खिडकीतनं मला दावला ड्रॉवर.
साहेब पुण्यात. फोन वाजतो, उचलत नाही.
कुत्री मात्र आतबाहेर करत होती, गेटाखालून.
निघताना सनदीनं भडंग पुढं केलं, हळूच म्हणाला,
दोन महिने झाले, माजाबी पगार न्हाई.
त्या यादीत माजं कारण कुठं बसतंय का बघ.

त्रिशला हल्ली बेदाणा निवडायला जाते,
कोल्ड स्टोरेजच्या मागच्या शेडमध्ये.
हिरवा वेगळा, काळा वेगळा, देठ काढायचा,
किलोवर पैसे.
रात्री तिला योजना समजावून सांगितली:
नव्वद दिवस, अर्धा पगार, आयुष्यात एकदाच.
तिनं भाकरी उलटली.
अर्धा म्हणजे कुठला? वरचा का खालचा?
मला उत्तर आलं नाही.
अर्जाच्या पुढं लिहिलेलं असतं: प्रक्रियेत आहे.
घरात कुणी चौकशी केली की मीही तेच सांगतो.

परवा सुहेल म्हणाला, केवायसीला अंगठा लागेल.
म्हटलं, लागत नाही रे माझा.
रेशनला, सिमकार्डला, कधीच लागला नाही.
तापलेल्या पेटीतनं शेल कोअर काढून काढून
बोटं काचेसारखी झालेली.
मशीन म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा,
आणि मागची रांग उसासे टाकायची.
ठेवून तर बघा, म्हणाला.
ठेवला.
हिरवा दिवा.
सुहेलनं टेबलावर थाप मारली. लागला की, काका!

बाहेर येऊन उन्हात अंगठा धरला.
शेवयांसारख्या बारीक रेषा,
गोल गोल, एकीच्या पोटात एक.
पाच महिने वाळू नाही, पेटी नाही.
कुणाचा तरी असावा तसा वाटला.
विश्रामबागपर्यंत चालत आलो, बसचे पैसे वाचवून,
मधेमधे बघत.

घरी दाखवला तिला, दिव्याखाली.
तिनं बघितला, परातीत पाणी घेतलं,
बोटांवरचा चिकटा सोडवत बसली,
साखर जाते, म्हणाली, पण सालं निघतात.
मग हात पुसता पुसता:
या महिन्याचं रेशन तुम्हीच आणा.
माझा लागेना झालाय.